पोफळीचं रोप: बेड्यापासून पहिल्या पोयीपर्यंत

पावसाळा जवळ आला की एकच तक्रार वेगवेगळ्या वाड्यांतून ऐकू येते. "पोफळी उंच झाल्या, हिरव्यागार आहेत, पण पोय काही येत नाही. कोणतं खत घालू?" पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, आणि पोय म्हणजे तिचा फुलोरा. वाडीत जाऊन पाहिलं तर खताचा प्रश्न नसतोच. कुठे रोपच चुकीच्या झाडाचं असतं, कुठे नवं पान फुटतं त्या गाभ्यात माती गेलेली असते, कुठे बुंध्याची नैऋत्येकडची बाजू उन्हानं भाजून काळी पडलेली असते. या तिन्ही चुका पहिल्या दोन वर्षांतल्या, आणि कळतात पाचव्या-सहाव्या वर्षी. तोवर उपाय उरलेला नसतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या वाड्या आडव्या केल्या, त्यानंतर घाईघाईनं मिळेल ते रोप लावलेल्या कितीतरी जणांची आज हीच गत आहे.

लिहायला घेण्याचं कारण एवढंच. एक गोष्ट मात्र आधी डोक्यात पक्की करा. पोफळ हे आग्नेय आशियातल्या ओल्या, दाट रानातलं झाड. लहानपणी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढायचं, मुळाशी कायम ओल हवी, पण पाणी साचलेलं मुळीच खपत नाही. पुढची प्रत्येक पायरी या सवयीला धरून आहे.

## तयारी: कामं कोणत्या महिन्यात

जूनमध्ये जाग येऊन रोपवाटिकेत धावणाऱ्यांसाठी हा लेख नाही. लागवडीच्या दीड वर्ष आधी काम सुरू होतं.

- डिसेंबर-जानेवारी: पिकलेले बेडे (सालीसकट सुपारीची फळं) निवडून रुजत घालणं
- मार्च-एप्रिल: कोंब पिशवीत लावणं
- त्याच पावसाळ्यात: पोफळ लावायच्या जागेत सावलीसाठी केळी लावणं
- पुढच्या वर्षीचा एप्रिल-मे: आखणी, चर, खड्डे
- जून: लागवड

केळीचं काम बहुतेक जण उलटं करतात. आधी पोफळ लावतात आणि मग तिला सावली हवी म्हणून केळी. केळ वर येईपर्यंत पोफळीनं एक अख्खा उन्हाळा उघड्यावर काढलेला असतो. केळी वर्षभर आधी हवी.

जागेचं पाणी बघायला भर पावसात जा. जुलैच्या झडीत वाडीत कुठे पाणी तुंबतं आणि पाऊस थांबल्यावर ते किती वेळात उतरतं, हे उन्हाळ्यात कितीही डोकं खाजवलंत तरी कळणार नाही.

## १. मूळ झाड निवडा

पोफळीला खालून फुटवे येत नाहीत, कलमही बांधता येत नाही. सगळी भिस्त बीवर. त्यात एका पोयीतली नरफुलं आधी उमलून गळतात आणि त्यानंतर बुडाशी असलेली मादीफुलं तयार होतात. म्हणजे बेड्याचा बाप बहुतेक वेळा शेजारचं झाड असतं. म्हणूनच बांधावरचं एकटं, फळांनी लगडलेलं झाड बघून भुलू नका. आजूबाजूची झाडंही चांगली धरत असतील, अशा वाडीच्या मधलं झाड बघा.

झाड बघताना:

- वय दहा वर्षांच्या पुढचं, आणि दरवर्षी धरणारं. एक वर्ष लगडून दुसऱ्या वर्षी रिकामं राहणारं नको.
- शेंड्याला झावळ्या भरगच्च.
- बुंध्यावरची पेरं जवळजवळ. पेरांत लांब अंतर असलेलं झाड सावलीत ओढलं गेलेलं असतं, नाहीतर जातीनंच उंचाडं असतं. दोन्ही नको.
- पोयीत लागलेल्या मादीफुलांपैकी बरीचशी फळापर्यंत टिकणारं.

मालकाला विचारायचा खरा प्रश्न "किती देतं?" हा नाही. "गेल्या तीन वर्षांत कधी कमी दिलं?" असं विचारा.

जातींविषयी थोडक्यात. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपल्या किनाऱ्याला मानवलेली, आतून पांढरा भाग जास्त, म्हणून तिला वेगळं गिऱ्हाईक आहे. मंगला ही मूळ चीनकडून आणलेली आणि १९७२ साली लागवडीसाठी दिलेली जात लवकर धरते. बाकी जातींची नावं पाठ करण्यापेक्षा मूळ झाड डोळ्यांनी पाहणं जास्त कामाचं.

## २. बेड्याची पारख: वजन आणि बादली

घड पूर्ण पिकलेला हवा. बेडे नारिंगी दिसायला लागले की काढा, आणि जमिनीवर आपटू न देता दोरीनं खाली सोडा. घडाच्या अगदी टोकाचे आणि अगदी बुडाचे बेडे सोडून मधले घ्या.

पहिली पारख वजनाची. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. सोललेले नव्हे, असोले दहा बेडे मिळून ३५० ग्रॅमच्या खाली भरले तर बियाण्याला घेऊ नका.

दुसरी पारख बादलीची. ती सांगितली की लोक हसतात, करून पाहिली की गप्प होतात. बादलीत पाणी घ्या, बेडे सोडा. काही आडवे पडून तरंगतात, जसं लाकडाचं ढलपं. काही मात्र उभे राहतात, देठाची टोपी वर आणि टोक खाली, आणि तसेच डुलत राहतात. एक-दोन बोटांनी ढकलून बघा, आडवा केलेला पुन्हा उभा होतो. हे उभे राहणारे घ्या. त्यांची रोपं जोमदार निघतात, हे सुपारीच्या संशोधनातही सांगितलेलं आहे. आडवे राहिले ते सोलून सुपारीला वापरा, त्यांचं काही वाया जात नाही.

तपासा: ही पारख ताज्या बेड्यांवरच करायची. आठ दिवस पडवीत पसरून ठेवलेला बेडा सुकून हलका होतो, मग पाण्यातलं वागणंही बदलतं.

हमखास होणारी चूक: बेडे नारळासारखे महिनोन्‌महिने साठवून ठेवणं. पोफळीचं बी वाळलं की मरतं. काढल्यावर लगेच रुजत घाला, आणि साल न काढता.

## ३. रुजवण

वाळूचा वाफा करा, सावलीत, पण जिथे पाणी निथळून जाईल असा. बेडे साधारण ५ सेंटीमीटर अंतरावर, देठाची बाजू वर ठेवून, जेमतेम झाकतील एवढ्या वाळूत. वाळूवर हात फिरवला तर टोपी हाताला लागली पाहिजे, एवढंच खोल. समुद्रावरची खारी पुळण तशीच वापरू नका. नदीची वाळू घ्या.

रोज हलकं पाणी. चाळीस दिवस काही दिसत नाही, आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. एखादा बेडा उकरून बघतात, मग दुसरा. उकरलेल्या बेड्याचा नुकता फुटलेला कोंब मोडतो. चाळीस ते पन्नास दिवसांनी कोंब वर यायला लागतात. जे फार मागाहून उगवतात ते टाकून द्या. दया येते, पण उशिरा उगवलेलं रोप पुढेही रेंगाळलेलंच राहतं.

## ४. पिशवी

साधारण तीन महिन्यांनी, दोन-तीन पानं फुटली की कोंब बेड्यासकट उचला आणि २५ × १५ सेंटीमीटरच्या पिशवीत लावा. भरण: वरची चांगली माती ७ भाग, कुजलेलं शेणखत ३ भाग, वाळू २ भाग. शेणखत कुजलेलंच हवं. हाताला ऊब लागली तर ते अजून तयार नाही, आणि त्यातून हुमणीचे किडे पिशवीत येतात ते वेगळेच.

पिशवीच्या बुडाशी भोकं आहेत का, हे भरण्याआधी बघा. वाचायला क्षुल्लक वाटेल. पण पावसाळ्यात पिवळी पडलेली निम्मी रोपं भोकं बुजलेल्या पिशव्यांतली असतात, आणि मालक त्यांना युरिया घालत असतो.

रोपं वर्षभर अर्धसावलीत ठेवा. शेवटचे दोन महिने सावली हळूहळू कमी करत न्या. हिरव्या जाळीखालून थेट उघड्या वाडीत नेलेलं रोप आठ दिवसांत करपतं.

## ५. कोणतं रोप लावायचं, कोणतं नाही

माझ्या हातून झालेली चूक इथलीच. काही वर्षांपूर्वी घरची रोपं कमी पडली म्हणून एका रोपवाटिकेतून आणली. भाव उंचीवर होता, मीही हौसेनं कमरेएवढी रोपं निवडली. वाडीत काम करणारे काका ती टेम्पोतून उतरवताना म्हणाले, "बाबा, ही सुपारी आणलीस की बांबू?" मी हसलो. पुढे त्या रोपांतल्या बऱ्याच झाडांनी शेजारच्या घरच्या बुटक्या रोपांपेक्षा दोन वर्षं उशिरा पोय काढली, आणि वाऱ्यात वाकली तीही तीच.

उंच रोप म्हणजे दाटीत, अंधारात, उजेडासाठी धडपडलेलं रोप. आपल्याला हवं बुटकं, जाड बुंध्याचं, जास्त पानांचं. यासाठी एक सोपा हिशोब आहे. पानांची संख्या गुणिले ४०, त्यातून उंचीचे सेंटीमीटर वजा. येणारा आकडा जेवढा मोठा, तेवढं रोप चांगलं.

सहा पानं आणि ६० सेंटीमीटर उंची: २४० वजा ६०, म्हणजे १८०. चार पानं आणि ११० सेंटीमीटर: १६० वजा ११०, म्हणजे ५०. दुसरं रोप दिसायला दुप्पट, किमतीला जास्त, आणि घ्यायच्या लायकीचं नाही.

तपासा: वय १२ ते १८ महिने, पानं निदान पाच. बुंधा हलवून बघा, पिशवीतल्या मातीसकट हलला पाहिजे. मातीतून सुटा हलत असेल तर मुळं नीट धरलेली नाहीत.

## ६. आखणी: मोबाइलचा कंपास काढा

अंतर २.७ मीटर × २.७ मीटर. एकरी साधारण ५५० झाडं बसतात. "जरा जवळ लावू, जास्त बसतील" हा मोह जुन्या वाड्यांत दिसतोच. ती झाडं उजेडासाठी वर पळतात, आणि चढणाऱ्या गड्याची मजुरीही त्यांच्यासोबत वर जाते.

अंतरापेक्षा जास्त दुर्लक्ष दिशेकडे होतं. पोफळीच्या बुंध्याला ऊन सोसत नाही, विशेषतः पावसाळा संपल्यावरचं, सूर्य दक्षिणेकडे गेल्यावरचं दुपारचं ऊन. नैऋत्येकडच्या बाजूला आधी सोनेरी-पिवळे डाग पडतात, मग ते तपकिरी होतात, पुढे साल उभी फाटते. फाटलेल्या जागी बुंधा कुजतो आणि एखाद्या वादळात झाड तिथूनच मोडतं. लोक वाऱ्याला दोष देतात.

उपाय आखणीतच आहे. दोरी सरळ दक्षिणोत्तर न धरता उत्तरेचं टोक ३५ अंश पश्चिमेकडे कलवा. मोबाइलच्या कंपासवर ३२५ अंश दिसतील ती रेषा. दुसरी रेषा तिला काटकोनात. आता काटकोनातल्या ओळी नैऋत्येकडे तोंड करून उभ्या राहतात, आणि दुपारी पुढच्या झाडाची सावली मागच्या झाडाच्या बुंध्यावर पडते. उघडी राहते ती फक्त कडेची ओळ. तिला लहानपणी झावळ्यांचा आडोसा करा. बुंधा दिसू लागला की गळून पडलेल्या विऱ्या (झावळीच्या बुडाचे रुंद, चिवट पापुद्रे) त्याच्याभोवती बांधा किंवा चुन्याचा हात द्या. वाडीच्या दक्षिण-पश्चिम कडेला उंच झाडांची रांग असेल तर ती तोडू नका, कितीही पाला पडला तरी.

सावधान: कंपास बघताना जवळ लोखंडी पहार, विहिरीचा पंप किंवा मोटारसायकल नको. सुई फिरते, आणि आखणी फिरली की ती पुढची पन्नास वर्षं तशीच.

## ७. चर आणि खड्डा

दर दोन ओळींमागे एक चर. चराचा तळ खड्ड्याच्या तळापेक्षा वीतभर खाली हवा. वर असेल तर तो चर दिखाऊ. पाणी खड्ड्यातच राहणार.

जांभ्याच्या जमिनीत खड्डा ९० सेंटीमीटर लांब-रुंद-खोल. जांभ्यात खड्डा म्हणजे दगडात कोरलेला हौदच असतो, तेव्हा चराशिवाय तिथे लागवड करूच नका. पाण्याची पातळी वर असलेल्या किनारी वाडीत ६० सेंटीमीटर पुरे. खड्डे मे महिन्यात काढून उन्हात तापू द्या.

भरताना वरची माती, शेणखत आणि वाळू मिसळून ५० ते ६० सेंटीमीटरपर्यंतच भरा. हो, ९० सेंटीमीटरचा खड्डा पूर्ण भरायचा नाही. रोप जमिनीच्या पातळीच्या खाली बसतं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत झाड वाढेल तसा खड्डा पालापाचोळा आणि मातीनं भरत येतो. बुंध्यालगत नवी मुळं फुटतात, त्यांना ही भर मिळते आणि झाड घट्ट उभं राहतं.

## ८. लागवड

निचऱ्याच्या जमिनीत पहिला पाऊस होऊन माती भिजली की. भारी, चिकण जमिनीत ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत थांबा, मुसळधार सरी संपू देत.

१. पिशवी ब्लेडनं उभी फाडून काढा. बुडाशी गोल फिरलेली मुळं असतील तर तेवढीच छाटा.
२. मातीचा गोळा न फोडता खड्ड्याच्या मधोमध ठेवा.
३. माती बुंध्याच्या गळ्यापर्यंत भरा, म्हणजे जिथून पानं सुटायला लागतात त्याच्या खाली. पायानं नव्हे, हातानं दाबा.
४. काठी रोवून सैल बांधा.

तिसरी पायरी पुन्हा वाचा. पोफळीला वाढायला एकच गाभा. त्यात माती आणि पाणी गेलं की तो कुजतो आणि झाड संपतं, दुसरीकडून फुटत नाही. पहिल्या पावसाळ्यात खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि माती वाहून थेट गाभ्यात बसते. म्हणून पहिले दोन महिने दर मोठ्या पावसानंतर फेरी मारा, गळ्याशी आलेली माती बोटांनी बाजूला करा. नारळाला चालतं ते इथे चालेल, असं धरू नका.

तपासा: मधली सुईसारखी नवी झावळ हलकेच ओढा. सहज हातात आली आणि तिच्या बुडाला वास असेल तर गाभा कुजतोय.

## ९. पहिली तीन वर्षं

पाणी: पाऊस थांबल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात सात-आठ दिवसांनी, जानेवारी-फेब्रुवारीत सहा दिवसांनी, मार्चपासून तीन ते पाच दिवसांनी. ठिबक असेल तर मोठ्या झाडाला दिवसाला १६ ते २० लिटर, लहानाला त्याहून कमी. पाणी एकदा चुकलं तर झाड मरत नाही, पण त्या वर्षीची वाढ जाते.

खत: धरत्या झाडाला वर्षाला नत्र १०० ग्रॅम, स्फुरद ४० ग्रॅम, पालाश १४० ग्रॅम. दुकानाच्या भाषेत साधारण २२० ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, २३५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. पहिल्या वर्षी यातला तिसरा भाग, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्यापासून पूर्ण. पाणी देत असाल तर निम्मं सप्टेंबर-ऑक्टोबरात, निम्मं फेब्रुवारीत. शिवाय झाडामागे १२ किलो शेणखत आणि १२ किलो हिरवा पाला. बांधावर गिरिपुष्प असेल तर पाल्याची चिंता मिटली.

पोटॅश टाळू नका. युरियानं झाड हिरवं दिसतं म्हणून तेवढाच घालत राहण्याची सवय फार आहे.

खत आळ्यात घाला, मोठ्या झाडाला बुंध्यापासून पाऊण ते एक मीटरपर्यंत. आळं कुदळीनं खोल खणू नका, पोफळीची बरीच मुळं वरच्या थरातच असतात.

मधल्या जागेत केळी आहेच. झाडं वाढली की मिरी बुंध्यावर चढवा, चार पोफळींच्या मधे कुठे कुठे जायफळ लावा. सुपारीला धरून राहण्याचा मोह मी स्वतःही सोडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली सुपारी कर्करोगाला कारण ठरते असं स्पष्ट केलं. उद्या बाजार कुठे जाईल यावर अख्खी वाडी टांगून ठेवण्यात शहाणपण नाही.

## १०. पहिली फळं आणि पहिली फवारणी

पाचव्या-सहाव्या वर्षी पोय आली आणि फळं धरली की पहिल्याच पावसात ती गळून जातात, असा अनुभव बऱ्याच जणांचा. हिरव्या फळावर टोपीजवळ पाण्यात भिजल्यासारखे गडद डाग दिसले आणि खाली पडलेल्या फळांवर पांढरी बुरशी आली तर तो कोळेरोग. गळ सुरू झाल्यावर फवारून उपयोग थोडा. पाऊस लागण्याआधी एकदा आणि त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून दुसऱ्यांदा, असं १ टक्का बोर्डो मिश्रण घडांवर बसलं पाहिजे.

१. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या पिंपात विरघळवा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको.
२. १ किलो चांगला कळीचा चुना वेगळ्या ५० लिटर पाण्यात विरवून गाळून घ्या.
३. मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, ढवळत ढवळत. उलटं ओतलं की मिश्रण फाटतं.
४. घासून लख्ख केलेली कोयती मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर आम्लता राहिली आहे, असं फवारलं की फळं भाजतात. आणखी चुन्याचं पाणी घालून पुन्हा कोयती बुडवा, पातं लख्ख निघेपर्यंत.
५. चिकटायला राळ-सोडा (राळ आणि धुण्याच्या सोड्याचं द्रावण) मिसळा आणि त्याच दिवशी संपवा.

उरलेलं मिश्रण उद्यासाठी ठेवू नका. रात्रीत ते तळाशी बसतं, सकाळी कितीही ढवळलं तरी घडावर धरत नाही. खाली पडलेली रोगट फळं गोळा करून जाळा. ती खताच्या खड्ड्यात टाकली तर पुढच्या वर्षीचा रोग आपणच जपून ठेवला.